चालून सापडलेली मैदानं

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, मलन नावाच्या खेड्याजवळ, दोन माणसं गवताळ टेकड्यांवरून हिंडत होती. एक बिल कूर, मैदानं आखणारा. दुसरा बेन क्रेनशॉ, त्या काळातला नामांकित गोल्फ खेळाडू. डिक यंगस्कॅप या मालकाने तिथली जमीन घेतली होती आणि तिच्यावर गोल्फचं मैदान करण्याचं काम या जोडीवर सोपवलं होतं. बुलडोझर आलेला नव्हता. आराखडा नव्हता. दोघं नुसते चालत होते, थांबत होते, मागे वळून बघत होते आणि पुन्हा चालत होते.

चालताना खेळाला आपसूक योग्य अशी जागा दिसली की ते नकाशावर खूण करत. चेंडू मारायला एखादा उंचवटा, पुढे रुंद सखल पट्टा, शेवटी वाऱ्याने कोरलेल्या खळग्याच्या काठाशी जरा सपाट तुकडा, एवढं जुळलं की खूण. अशा शंभराहून जास्त खुणा झाल्या. लागणार होत्या अठरा. मग उरलं ते निवडीचं काम: कोणत्या अठरा घेतल्या तर एकीवरून दुसरीकडे सहज चालत जाता येईल, वारा कधी तोंडावर आणि कधी पाठीवर येईल, चढ फार होणार नाही. १९९५ साली ‘सँड हिल्स’ हे मैदान खेळायला खुलं झालं. आधुनिक मैदान उभारताना लाखो घनमीटर माती हलवणं ही सर्रास गोष्ट आहे. इथे हलवलेली माती काही हजारांत मोजता येईल एवढीच होती. बहुतेक ठिकाणी त्यांनी गवत कापलं, बी टाकलं आणि हात आवरता घेतला.

गोल्फ आपल्याकडे टीव्हीवर ओझरता दिसतो, म्हणून चार ओळींत खेळ सांगतो. खेळाडू ‘टी’ नावाच्या जागेवरून चेंडू मारतो. मधला कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे, दोन्ही बाजूंचं वाढलेलं गवत म्हणजे रफ, वाळूचे खळगे म्हणजे बंकर, आणि शेवटचा अगदी बारीक कापलेला तुकडा म्हणजे ग्रीन. ग्रीनवर १०८ मिलिमीटर व्यासाचं भोक असतं, त्यात चेंडू जायला हवा. टीपासून भोकापर्यंतच्या या सगळ्या वाटेला मिळून एक ‘होल’ म्हणतात. असे अठरा होल, आणि त्यांना लागणारी शंभर-दीडशे एकर जमीन. क्रिकेटच्या खेळपट्टीची किंवा कबड्डीच्या मैदानाची मापं ठरलेली असतात, जमीन त्या मापांत बसवावी लागते. गोल्फला असं माप नाही. एक होल दीडशे यार्डांचा असेल, पुढचा साडेपाचशेचा. चढ, उतार, नाला, खडक हे सगळं खेळातच धरलेलं असतं. म्हणून जमिनीकडे कसं बघायचं, हा प्रश्न या खेळात मैदान आखणाऱ्यासमोर जितका उघडा उभा राहतो तितका दुसऱ्या कोणत्याच खेळात राहत नाही. या पुस्तकात गोल्फला जागा दिली ती याचसाठी, आणि प्रकरणभर माझ्या डोळ्यापुढे असणार आहे वऱ्हाडातल्या बार्शीटाकळी तालुक्यातला एक माळ. तिथे गोल्फ नाही. पण कूर आणि क्रेनशॉ यांनी जे केलं त्याची परीक्षा घ्यायला आपल्या ओळखीची जमीन हवी.

जमिनीचं ऐकून मैदान आखण्याच्या विचाराचं मूळ स्कॉटलंडच्या समुद्रकिनारी आहे. तिथे शेती आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्यांचा, खुरट्या गवताचा एक पट्टा असतो. त्याला लिंक्स म्हणतात. नांगर चालत नाही, पीक येत नाही, म्हणून तो गावाच्या गुरांना आणि मेंढ्यांना सोडलेला. सेंट अँड्रूज या गावची लिंक्स त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टन यांनी दिलेल्या सनदेत या पट्ट्यावर ससे पाळण्याची परवानगी आहे आणि त्याच वेळी गावकऱ्यांचा गोल्फ, फुटबॉल आणि इतर खेळांचा हक्कही मान्य केलेला आहे. म्हणजे कागदोपत्री ही आधी गावाची सामाईक जमीन होती, मैदान म्हणून ती नंतर ओळखली गेली.

तिथलं ‘ओल्ड कोर्स’ कोणी एका माणसाने आखलेलं नाही. वाऱ्याच्या माऱ्यातून वाचायला मेंढ्या टेकडीच्या आडोशाला बसत, बसून बसून गवत झिजे, वाळू उघडी पडे, वारा ती उडवे आणि खळगा खोल होई. बंकर असे झाले, असं जुने जाणकार सांगत आले आहेत. सशांनी गवत कुरतडून ठेवलेले तुकडे आपोआप गुळगुळीत होत, तिथे चेंडू नीट घरंगळे. लोक वर्षानुवर्षं ज्या वाटेने खेळत गेले ती वाट म्हणजे मैदान झालं. १७६४ पर्यंत तिथे फेरी बावीस होलांची होती. त्या वर्षी काही छोटे होल एकत्र केले आणि फेरी अठराची झाली. आज जगभर अठरा होल असतात त्याचं कारण एवढंच. मधल्या काळात ही जमीन खासगी हातांत गेली, सशांचा धंदा करणाऱ्यांशी गोल्फवाल्यांचे खटले झाले. शेवटी १८९४ साली ब्रिटिश संसदेच्या कायद्याने ती गावाकडे परत आली. आजही रविवारी ओल्ड कोर्सवर सहसा खेळ नसतो, गावकरी आपल्या कुत्र्यांना घेऊन तिथे फिरतात. जगातल्या सर्वांत मानाच्या मैदानाची ही रीत मला फार महत्त्वाची वाटते.

वऱ्हाडातल्या माणसाला ही जमीन ओळखायला वेळ लागू नये. आपल्याकडे गावाच्या नावावर असलेली चराईची जमीन ‘ई-क्लास’ म्हणून नोंदलेली असते. अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशिम, यवतमाळ इथल्या तलाठ्याच्या दप्तरात ती भेटतेच. काळी कसदार जमीन वावरासाठी, पऱ्हाटी-तुरीसाठी, आणि बरड, मुरमाड, टेकाडाची जमीन ढोरांसाठी, ही वाटणी गावांनी फार जुन्या काळी केलेली आहे. बार्शीटाकळी तालुका त्यासाठी चांगला नमुना आहे. उत्तरेला अकोल्याकडे जावं तशी जमीन सपाट आणि काळी होत जाते. दक्षिणेला महानच्या बाजूला ती उचलत जाते, दगड वर येतो, नाले खोल होतात, मातीचा थर वीतभर राहतो. बार्शीटाकळी गावातलं यादवकाळातलं मंदिर याच पाषाणातलं आहे, आणि त्यातला शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६ च्या सुमाराचा. इथला दगड आणि इथली माती यांची पारख असलेली माणसं आठशे वर्षांपूर्वी इथे होती याचा तो धडधडीत पुरावा आहे.

लिंक्सची ही परंपरा पुढे मैदान आखणाऱ्यांच्या हातात आली. सेंट अँड्रूजचे ओल्ड टॉम मॉरिस (१८२१–१९०८) गावोगाव बोलावले जात. ते जमिनीवरून फिरत, खुंट्या रोवत आणि मैदान आखून मोकळे होत. त्यांच्याजवळ यंत्रं नव्हती, म्हणून जमिनीचं ऐकण्यावाचून इलाजही नव्हता. पुढच्या पिढीतले अ‍ॅलिस्टर मॅकेंझी पेशाने डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ते इंग्रज फौजेबरोबर होते. बोअर शेतकरी आपले खंदक जमिनीच्या चढउतारात असे मिसळून टाकत की समोरून काही दिसतच नसे. ती युक्ती मॅकेंझींच्या मनात रुतली. पहिल्या महायुद्धात त्यांनी सैन्याला लपवणुकीची विद्या शिकवली आणि मैदानं आखताना तीच वापरली: माणसाने केलेला बंकरसुद्धा वाऱ्याने केल्यासारखा दिसला पाहिजे, त्याची कड सरळ नको, त्याची माती भोवतालच्या उतारात विरून गेली पाहिजे. १९२० साली त्यांनी यावर छोटं पुस्तक लिहिलं. कॅलिफोर्नियातलं सायप्रस पॉइंट आणि ऑस्ट्रेलियातलं रॉयल मेलबर्न ही त्यांची मैदानं आजही या विद्येची शाळा मानली जातात.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण त्या नेहमी एकाच पोत्यात भरल्या जातात. मैदान नैसर्गिक दिसणं ही एक गोष्ट आणि जमिनीला कमीत कमी हात लावणं ही दुसरी. लास व्हेगासजवळच्या वाळवंटात १९८९-९० च्या सुमाराला टॉम फॅझिओ यांनी ‘शॅडो क्रीक’ उभारलं. सपाट रखरखीत जमिनीत प्रचंड खोदकाम करून टेकड्या रचल्या, ओढे वाहवले, हजारो झाडं बाहेरून आणून लावली. आत उभं राहिलं तर एखाद्या डोंगरी जंगलात आल्यासारखं वाटतं. ते नैसर्गिक दिसतं, पण त्या जागेचा निसर्ग तिथे शिल्लक नाही. त्याआधी १९८० साली फ्लोरिडातल्या दलदलीत पीट डाय यांनी ‘सॉग्रास’ केलं. सतराव्या होलाजवळ चांगली वाळू लागली, ती इतर होलांसाठी उपसत गेले आणि मोठा खड्डा झाला. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस डाय यांनी सुचवलं की आता ग्रीन बेटासारखंच ठेवू, भोवती पाणी भरू. जगातल्या सर्वांत जास्त फोटो निघणाऱ्या होलांपैकी एक असा घडला. ते मैदान कृत्रिम आहे आणि तसं लपवतही नाही. मला शॅडो क्रीकपेक्षा सॉग्रास प्रामाणिक वाटतं. आणि दोन्हींपेक्षाही सँड हिल्स मोठं वाटतं, कारण तिथे जमिनीवर विश्वास ठेवलेला आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कोलकात्याचा, १८२९ चा. मुंबईत १८४२ साली क्लब निघाला. पुढे विलिंग्डन, चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी, पुणे अशी मैदानं झाली. पण मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात टिकून राहिलेलं नाव आहे नाशिकच्या ‘गोल्फ क्लब मैदाना’चं. साहेबांच्या काळात तिथे गोल्फ खेळत. आज त्याचं अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, ज्या कान्हेऱ्यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. तिथे रणजीचे सामने झाले आहेत आणि सकाळी नाशिककर पळायला, चालायला जातात. तरी रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की पुरतं. मूठभरांसाठी राखलेली जमीन गावाची झाली, आणि तीही मोकळी राहून. सेंट अँड्रूजच्या रविवारची मला इथे आठवण होते.

त्या जुन्या देशी मैदानांची एक गोष्ट आज विसरली गेली आहे आणि ती आपल्या विषयाच्या अगदी मर्माची आहे. भारतात अनेक ठिकाणी ग्रीन नव्हतेच, ‘ब्राउन’ होते. पाणी नाही, उन्हाळा कडक, बारीक गवत जगणार कसं? म्हणून होलाच्या शेवटी चांगली चाळलेली वाळू पसरत, ती उडू नये म्हणून तिच्यात तेल मिसळत आणि दाबून गुळगुळीत करत. चेंडू भोकात टाकायच्या आधी पोत्याची किंवा लाकडाची पट्टी ओढून भोकापर्यंतची वाट सारखी करायची, म्हणजे आधीच्या खेळाडूच्या पावलांचे ठसे चेंडूच्या वाटेत येत नाहीत. याला कमीपणाची गोष्ट समजू नये. अमेरिकेतलं ‘पाइनहर्स्ट नंबर दोन’ डोनाल्ड रॉस यांनी १९०७ साली तयार केलं. आज ज्याच्या ग्रीनची जगभर वाखाणणी होते त्या मैदानावर १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाळूचेच ग्रीन होते. ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडी या खाणीच्या गावात आजही गवताचं पातं नसलेलं मैदान आहे. खेळाडू हिरवळीचा छोटा तुकडा बरोबर घेऊन फिरतात, त्यावर चेंडू ठेवून मारतात, आणि उन्हाळ्यात उष्मा टाळायला रात्री चमकणाऱ्या चेंडूने खेळतात.

पाइनहर्स्टची पुढची गोष्टही इथेच सांगायला हवी. दशकानुदशकं पाणी आणि खत देऊन ते मैदान कडेपासून कडेपर्यंत हिरवंगार केलं गेलं होतं. २०१०-११ मध्ये तेच कूर आणि क्रेनशॉ तिथे आले आणि त्यांनी पस्तीस-चाळीस एकर हिरवळ काढून टाकली. खालची वाळू आणि तिथलं रानगवत परत वर येऊ दिलं. सहाशेहून जास्त फवारे कायमचे बंद झाले. २०१४ साली त्या तपकिरी, विरळ दिसणाऱ्या मैदानावर अमेरिकेची पुरुषांची आणि स्त्रियांची अशा दोन्ही मोठ्या स्पर्धा लागोपाठच्या आठवड्यांत झाल्या. टीव्हीवर बघणाऱ्या कितीतरी लोकांना आधी वाटलं की मैदान वाळलंय. हिरवं म्हणजे चांगलं, या सवयीचा पगडा एवढा घट्ट असतो.

बार्शीटाकळीच्या जमिनीवर हे सगळं लावून बघू. आधी काळी माती. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत अशी चिकणमाती असते जी पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. एप्रिल-मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला जोराचा पाऊस त्या भेगांतून खोल जातो. पण एकदा माती फुगून भेगा मिटल्या की पाणी वरच उभं राहतं आणि चार दिवस वावरात पाय ठेवता येत नाही, हे कास्तकाराला वेगळं सांगायला नको. गोल्फच्या ग्रीनला याच्या नेमकं उलट हवं असतं: पाणी झटपट खाली गेलं पाहिजे आणि पृष्ठभाग वर्षभर हलता कामा नये. १९६० साली अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने ग्रीन बांधायची जी पद्धत सांगितली तिच्यात खाली निचऱ्याच्या नळ्या, त्यावर खडीचा थर आणि त्यावर सुमारे तीस सेंटिमीटर वाळूप्रधान मिश्रण असतं. सँड हिल्सला यातलं काहीच लागलं नाही, कारण तिथे निसर्गानेच खोल वाळू दिली होती. काळ्या मातीवर तसं मैदान करायचं तर नदीतून वाळू उपसून आणावी लागेल, आणि आपल्या नद्यांमधल्या वाळूचं काय झालं आहे ते आपण पाहतोच. म्हणजे स्कॉटलंडमध्ये किंवा नेब्रास्कात जे जमिनीचं ऐकणं ठरतं, त्याचीच नक्कल इथे केली तर ती जमिनीवर जबरदस्ती होईल. ज्यांनी या विचाराचं फक्त रूप उचललं, वाळवंटात आणि भातखाचरात स्कॉटलंड रचलं, त्यांचं इथेच चुकलं.

मग गवत. उष्ण देशांतल्या गोल्फ मैदानांचं गवत ज्याला इंग्रजीत बर्म्युडा म्हणतात ते म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. अमेरिकेतल्या जॉर्जियात टिफ्टन इथे ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने हरळी आणि तिची एक आफ्रिकी बहीण यांचा संकर करून मैदानांसाठी बारीक पात्याचे वाण काढले. १९६० साली आलेला ‘टिफवे’ त्यांतला सर्वांत पसरलेला. वऱ्हाडातला कास्तकार जिच्या मुळ्या खणून खणून थकतो, ढेकळातली एक गाठ राहिली तरी जी पुन्हा पसरते, तिला मैदानवाले एकेक तुकडा जपून लावतात. कारण एकच: तुडवली, कापली, जाळली तरी ती परत येते. पाणी नसलं तर हरळी मरत नाही, पिवळी पडून पावसाची वाट बघते. तिला मे महिन्यातही हिरवंच ठेवायचा हट्ट धरला की पाण्याचा प्रश्न उभा राहतो.

हा हिशेब सोपा आहे. शंभर एकर म्हणजे सुमारे चार लाख चौरस मीटर. एवढ्या हिरवळीला दिवसाला फक्त पाच मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं तरी ते वीस लाख लिटर होतं. अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पाच मिलिमीटर पुरणारही नाहीत. ग्रामीण भागात नळाने माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचं उद्दिष्ट जलजीवन मिशनने धरलं आहे. त्या मापाने वीस लाख लिटर म्हणजे छत्तीस हजार माणसांचं दिवसाचं पाणी. अकोला शहर ज्या काटेपूर्णा धरणाचं पाणी पितं ते बार्शीटाकळी तालुक्यातच, महानला आहे. पाऊस साधारण साडेसातशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. एखाद्या वर्षी तो दगा देतो आणि मग धरणात किती टक्के साठा उरला, हे आकडे अकोलेकर रोज वर्तमानपत्रात शोधतात. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवावे लागले. तिथे वाद एकेका खेळपट्टीच्या पाण्याचा होता. इथे तर शंभर एकर हिरवळीची गोष्ट आहे.

म्हणून बार्शीटाकळीत या विचाराचा माणूस आला तर तो काळ्या मातीकडे वळणारच नाही. ती कापसाची जमीन आहे, तिच्यावर त्याचा हक्क नाही, आणि ती त्याच्या कामाचीही नाही. तो बरडावर जाईल. दक्षिणेच्या अंगाला, जिथे मुरूम वर आला आहे, पाणी थांबत नाही, भेगा पडत नाहीत. तिथे कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं आहेत, मधूनमधून बोर-पळस आहे, दोन टेकाडांच्या मध्ये लवण आहे आणि त्यातून नाला उतरतो.

अशाच एका माळावर मी एका म्हाताऱ्या गायकीबरोबर, म्हणजे गुराख्याबरोबर, सकाळी चाललो होतो. आखरावर जमलेली गावची ढोरं घेऊन तो निघाला होता. ढोरं सरळ रेषेत जात नव्हती. टेकाडाच्या पोटातून, उताराला आडवी, एका सारख्या चढाने ती वळत वळत वर गेली. शेकडो खुरांनी तिथे हातभर रुंदीची वाट पाडलेली होती आणि तिच्यावर एकही घळ पडलेली नव्हती. बाजूला कोणीतरी ट्रॅक्टरने उभ्या उताराने काढलेला रस्ता होता, तो दोन पावसाळ्यांत कमरेएवढा वाहून गेला होता. मी विचारलं, ढोरांना हे कोण शिकवतं? तो म्हणाला, “पान्याची वाट सोडून चालजो भाऊ. ढोरं बी तेच करतात.” पुढे त्याने काठीने एकेक जागा दाखवली. इथे पाऊस झाला की दोन दिवस पाणी राहते. तिथलं गवत ढोरं पोळ्यानंतरच खातात. त्या खडकाच्या आडोशाला थंडीत वारा लागत नाही. कूर आणि क्रेनशॉ यांच्या नकाशावर ज्या खुणा होत्या त्यांतल्या निम्म्या तरी याच जातीच्या असणार: पाणी कुठे जातं, वारा कुठून येतो, पाय सहज कुठून चढतो.

या माळाला सरकारी कागदात आणि शहरी नजरेत पडीक म्हणायची रीत आहे, ती मला मान्य नाही. पावसाळ्यात तणमोर हा पक्षी याच गवतात उतरतो. नर गवताच्या वर उड्या मारून मादीला बोलावतो, मादी गवताच्या बुडाशी अंडी घालते. जगभरात तो आता अतिसंकटग्रस्त आहे आणि अकोला-वाशिमचे माळ त्याच्या उरलेल्या थोड्या जागांपैकी आहेत. कारंजा लाडची ‘संवेदना’ ही संस्था फासेपारधी समाजातल्या लोकांबरोबर या गवताळ माळांवर आणि तणमोरावर काम करते. ज्यांच्या आजोबांनी फासे लावले त्यांना या पक्ष्याची बसायची-उठायची जागा पुस्तकवाल्यांपेक्षा जास्त ठाऊक असते. कारंज्याजवळच सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे, तेही गवताचंच. अशा माळावर हिरवळीची गादी अंथरणं म्हणजे तो माळ संपवणं. झाडं लावण्याच्या उत्साहात सरसकट चर खोदणं हाही त्याचाच प्रकार, फक्त हेतू चांगला.

मग इथे गोल्फ बसतो का? बसतो, पण तो टीव्हीवर दिसतो तसा नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेला साउथ युइस्ट नावाचं बेट आहे. तिथे आस्कर्निशला ओल्ड टॉम मॉरिस यांनी १८९१ मध्ये मैदान आखलं होतं. काळाच्या ओघात त्याचा बराचसा भाग गवताखाली हरवला. २००५ नंतर जाणकारांनी आणि गावकऱ्यांनी मिळून ती जुनी वाट शोधली आणि २००८ मध्ये मैदान पुन्हा खुलं झालं. बुलडोझर चालला नाही, रासायनिक खत पडलं नाही. हिवाळ्यात त्याच जमिनीवर गुरं चरतात, उन्हाळ्यात लोक खेळतात. काही चराईदारांना आपला हक्क जाईल अशी भीती वाटली, वाद तिथल्या भू-न्यायालयापर्यंत गेला. तो वाद होणं रास्तच होतं. गावाच्या जमिनीवर कोणी नवीन खेळ मांडला तर आधी ढोरवाल्याने प्रश्न विचारलेच पाहिजेत.

आपल्याकडे तर कायदाही त्याच्या बाजूने आहे. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारने गायरानं इतर कामांना देण्यावर बंधनं घालणारा निर्णय काढला. तेव्हा ई-क्लासवर कुंपण घालून सदस्यांपुरता क्लब हा मार्ग बंद आहे, आणि तो बंदच असावा. आस्कर्निशच्या धर्तीवर विचार केला तर मात्र काहीतरी दिसतं. कुंपण नाही. अठरा नव्हे, सहा होल पुष्कळ झाले. ग्रीनच्या जागी मुरमावर दाबलेल्या वाळूचे ब्राउन. फेअरवे म्हणजे ढोरांनी खाऊन आखूड केलेलं गवत, वेगळं कापायला नको. हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या आत संपणारा, कारण नंतर ऊन कोणाला उभं राहू देत नाही. मृगापासून अश्विनापर्यंत माळावर खेळ नाही, ते महिने तणमोराचे आणि गवताच्या बियांचे. होलांची जागा आधी गायकी दाखवेल, मग आखणारा निवडेल. आणि त्याने चालून चालून शेवटी सांगितलं की इथे गवत फार चांगलं आहे, इथे एकही होल नको, तर ते उत्तरही घ्यायची गावाची तयारी पाहिजे.

असा नकाशा करायला गोल्फचं निमित्त लागतंच असं नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावागावात जैवविविधता समिती आणि तिची लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. पुष्कळ ठिकाणी ती एकदा भरली आणि कपाटात गेली. तिच्यात झाडांची आणि पक्ष्यांची नावं असतात, पण जमिनीचं चालणं-बोलणं क्वचितच असतं. गायकी, धनगर, फासेपारधी यांना घेऊन माळ चालून काढावा आणि नोंदवहीला नकाशाची पानं जोडावीत: पाणी कुठे दोन दिवस थांबतं, ढोरांची आडवी वाट कुठून जाते, मारवेल कोणत्या उतारावर दाट आहे, तणमोर कोणत्या वर्षी कुठे दिसला, कोणता नाला उभ्या रस्त्याने फाटला. चाकाचा रस्ता, सौर पॅनल, रोपवन, क्रीडांगण, जे काही माळावर यायचं असेल त्याला ग्रामसभेत आधी या पानांपुढे उभं करता येईल. काठीने जागा दाखवणारी पिढी म्हातारी झाली आहे, आखरावर ढोरं दरवर्षी कमी येतात, म्हणून हे काम येत्या पावसाळ्याच्या आधी हाती घ्यायला हवं.